सुमनकाकूंची डबल बेल

सुमनकाकूंनी "टण टण" केल्याशिवाय आमच्या बिल्डिंगची लिफ्ट हलायची नाही. म्हणजे हलायची, बटण दाबलं की हलणारच ती, पण काकू आत असल्या की एक पाय दारात. मग डोकं बाहेर काढून कॉरिडॉर दोन्हीकडनं बघायच्या, कोण राहिलं का. मग पाय आत. मग वर छताकडं बघून हात हलवायच्या. ते कशाला ते मला लई दिवस कळलं नाही, मला वाटायचं वर कॅमेरा आहे त्याला करतात. आणि शेवटी तोच हात तसाच वर नेऊन हवेतली दोरी ओढायच्या, दोन झटके. "टण टण!" तोंडानं. मग लिफ्टला परवानगी.

काकू एसटीत कंडक्टर होत्या, आमच्या साताऱ्याकडच्याच. रिटायर झाल्या आणि मुलानं, संदीपदादानं, त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर आइंडहोव्हनला आणलं. ज्यांनी एसटीनं प्रवास केलाय त्यांना सांगायला नको, एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. काकूंची नोकरी संपली पण बेल काही संपली नाही. कुकर लावला, टण टण. वॉशिंग मशीन, टण टण. संदीपदादा एवढा मोठा इंजिनियर, हाताखाली माणसं, पण गाडीत बसला की काचेत मागं बघत थांबायचा. एकदा घाईत बेलच्या आधीच निघाला तर काकू मागच्या सीटवरनं ओरडल्या, "कुनाच्या हुकमानं निघालास रं?" भर चौकात गाडी थांबवली त्यानं.

बिल्डिंगमधल्या डच लोकांनापण सवय झाली. कुत्रेवाला म्हातारा लिफ्टमध्ये शिरला की काकूंनी बोलायच्या आधीच कुत्रा पायाशी ओढून घ्यायचा, कारण काकू रोज सांगायच्या, "सामान पायाखाली घ्या, वाटंत नको." मराठीत. डच येत नाही म्हणून काकूंचं कधी काही अडलं नाही. डच लोकांचं अडायचं.

आणि माझं सगळंच अडायचं. मी दहावीला दोनदा बसले, मग घरच्यांनी लग्नाला बसवलं, ह्यांचं आयटीआय झालेलं, कंपनीनं मशीन जोडायच्या कामाला इकडं पाठवलं, आणि मी पाठोपाठ पोटात ओवीला घेऊन आले. तेव्हापासनं मला कशाची भीती वाटत नाही ते विचारा. सायकलवाल्यांची वाटायची. फोन वाजला की वाटायची, त्यात डॉक्टरचा असला तर जास्तच. सुपरमार्केटात पैसे देताना ती बाई काहीतरी विचारायची, पावती पाहिजे का असं असणार, मी आपली मान हलवायची आणि घरापर्यंत एकच विचार, की आपण कशाला हो म्हणून आलो. ह्यांच्याशिवाय मी सुपरमार्केटच्या पुढं कधी गेले नव्हते.

काकूंची ओळख लिफ्टमध्येच झाली. मी ओवीची ढकलगाडी घेऊन बाहेर उभी, आत दोन माणसं होती म्हणून मी जाऊ दे म्हणत मागं सरले. काकूंनी पाय घातला दारात. "चल की गं, जागा हाय. पुढं सरका वो, पुढं सरका, लेकुरवाळी बाई हाय!" आतली माणसं भिंतीला चिकटली. मला रडू आलं, मराठी ऐकून आलं का जागा मिळाली म्हणून आलं, देव जाणे.

मग रोज जाणं-येणं झालं. मी काकूंना म्हणलं, "काकू, मला लई भीती वाटती हो इथं." त्यांनी शेंगा सोलता सोलता मला वरपासनं खालपर्यंत बघितलं.

"ल्हान मूल आन भ्या, ह्या दोघांना माझ्या गाडीत तिकीट न्हाय," म्हणल्या. "मांडीवर घ्यायचं आन बसायचं. त्याच्यापायी काय परवास सोडतीस व्हय?"

आता गडाचं सांगते. आमच्याकडं ह्यांच्या कंपनीतल्या कुणीतरी दिलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, बिस्किटं संपली होती, मी त्यात मोहरी-जिरं ठेवलं होतं. काकूंनी फोडणीला डबा उचलला आणि तसाच धरून बसल्या. झाकणावर चित्र होतं, दगडी तट, दोन गोल बुरूज आणि मधी दरवाजा.

"ह्यो गड कुटला गं?"

हे जेवत होते. म्हणाले, "काकू, ते मास्ट्रिख्ट. तटबंदीचं शहर आहे. फ्रेंच राजानं वेढा घालून घेतलं होतं म्हणे, नंतर परत फ्रेंचांचंच राज्य होतं काही वर्षं. इथनं ट्रेननं तासाभरावर."

"तासावर गड हाय," काकू म्हणल्या, "आन मला कोन बोललं न्हाय?"

त्या दिवसापासनं काकूंनी तट सोडला नाही. वर चढता येतं का? येतं. पायऱ्या किती? थोड्याच आहेत, दोन मजले असतील नसतील. काकूंचा चेहरा असा झाला, ओवीला फुगा दाखवल्यावर होतो तसा.

कारण असं होतं की काकूंनी जवळजवळ सगळी नोकरी एकाच रूटवर काढली, गडाच्या पायथ्याच्या. गाडी पायथ्याला जायची, लोक उतरायचे, वर चढायचे, गाडी जरा थांबून माघारी. संध्याकाळची शेवटची गाडी उतरणाऱ्यांना घेऊन यायची. कॉलेजची पोरं कायम उशिरा, ड्रायव्हर हॉर्न मारून मारून वैतागायचा, पण काकू बेल द्यायच्या नाहीत. कोण वर राहिलं तर रात्रीचं जाणार कुठं? आणि शेवटचा माणूस धापा टाकत आला की तिकीट फाडता फाडता त्याला विचारायच्या, "वरनं काय दिसतं?"

"काय सांगायचे?" मी विचारलं.

"भारी. समदी येकच सांगायची. भारी दिसतं मावशी. आता भारी म्हंजी काय गं?"

"मग सुट्टीच्या दिवशी जायचं की वर तुम्ही."

"सुट्टीला धुनं कोन धुनार, तुझा सासरा? आन येकटी बाई गडावर कशाला चढली म्हनून गाव इचारणार, ते येगळंच." मग गुडघ्यावर थाप मारली. "आता तर काय, हे दोन्ही बसल्यात संपाला. हालत्या गाडीत उभं राहून राहून. आपला गड काय आता ह्या जन्मात हुईना. पन ह्यो बारका हाय. ह्यो हुईल."

संदीपदादा म्हणाला, जाऊ आई, पुढच्या वीकेंडला. पुढच्या वीकेंडला त्याचं काम निघालं. त्याच्या पुढच्याला पाऊस. मग म्हणाला, "आई, तिथं काही नाही गं, पडकी भिंत आहे. आणि तुझे गुडघे बघ. परत गेलीस की ऑपरेशन आहे." माणूस वाईट नाही, आईला जपतो, पण जपून जपून त्यानं तिला सोफ्यावर ठेवली होती. असं करता करता तीन महिने संपले. रविवारचं विमान होतं. गुरुवारी संध्याकाळी काकू माझ्याकडं आल्या, बिस्किटाचा डबा ओट्यावर उलटा केला, जिरं-मोहरी पेपरवर काढली, आणि रिकामा डबा माझ्या हातात दिला.

"उद्या सकाळी. तू, मी आन ओवी. ह्यात भाकरी भर."

"काकू, मी नाही एकटी ट्रेननं... मला प्लॅटफॉर्म कळत नाही, कार्ड कुठं लावायचं कळत नाही, कुणी विचारलं तर..."

"येकटी कुटं? कंडक्टर हाय की संगं."

रात्री ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, संदीपला कळलं तर? मी म्हणलं, कळू दे. असं मी ह्यांना कधी बोलले नव्हते. हे ताटातनं वर बघायला लागले, मग गपचूप माझ्या फोनवर गाडीची वेळ काढून ठेवली.

स्टेशनवर मी दोघींचीही तिकिटाची कार्डं मशीनला लावली, हिरवा दिवा बघितला, परत बघितला. गाडी आली. काकू साडीवर स्पोर्ट्स शूज, डोक्याला स्कार्फ, खांद्याला नोकरीतली जुनी, कंडक्टरची चामड्याची बॅग, त्यात बीपीच्या गोळ्या. बाहेर रेल्वेवाल्यानं शिट्टी मारली. काकूंना ती काही पटली नाही. "शिट्टीवर कुटं गाडी हालती?" दार लागेपर्यंत थांबल्या, खिडकीतनं वर बघून हात हलवला, दोरी ओढली. टण टण. गाडी निघाली. ओवीनं टाळ्या पिटल्या.

मग काकू रेल्वेच्या सगळ्या डब्यातनं एक चक्कर मारून आल्या. एका पोराची बॅग शेजारच्या सीटवर होती, काकूंनी नुसतं बोट दाखवलं, बॅगेकडं आणि त्याच्या मांडीकडं. पोरानं कानातले इअरफोन काढले, काकूंकडं बघितलं, बॅग मांडीवर घेतली. कुणाला बसायचं नव्हतं तिथं. पण शिस्त.

आणि मग तिकीट बघणारा आला. उंच, निळे कपडे. त्यानं विचारायच्या आधीच मी माझं कार्ड पुढं केलं. काकूंकडं वळला तर काकू शांत बसलेल्या. पंजा वर केला आणि म्हणल्या, "स्टाफ."

आता आपल्याकडं कंडक्टर कंडक्टरला तिकीट मागत नाही, हे आपल्याला माहीत आहे. त्याला काय माहीत? त्यानं परत विचारलं. काकू परत, "स्टाफ, स्टाफ. सातारा." मी कुजबुजले, "काकू, कार्ड आहे तुमचं, बॅगेत आहे, दाखवा की!" त्या म्हणल्या, "असूं दे की. पन त्यानं मागायचं न्हाय. इज्जत असती." शेवटी मीच त्यांच्या बॅगेत हात घातला, गोळ्यांच्या खालनं कार्ड काढलं. त्यानं मशीन लावलं, टीं वाजलं. तेवढ्यात काकूंनी खिशातला पास काढल्यासारखा मोबाइल काढला आणि त्याला फोटो दाखवला, खाकी साडीतल्या काकू, लाल गाडीच्या दारात, गळ्यात हीच बॅग. त्यानं फोटो बघितला. मग बॅग बघितली. मग सरळ उभा राहिला आणि टोपीला हात लावला.

"बघ," काकू म्हणल्या. "कळतंय त्याला."

मास्ट्रिख्टला उतरलो तर गावच वेगळं. आमच्या आइंडहोव्हनला सगळं सरळ आणि काचेचं, इथं बोळ, चढ, पिवळट दगडाची घरं, वाकड्या गल्ल्या. ओवीला दूध गरम करून घ्यायला एका कॅफेत शिरलो. मी 'दांक यू वेल', म्हणजे थँक्यू, घोकत होते, तीन वर्षांत तेवढंच नीट जमलेलं, ते मी म्हणायच्या आत काउंटरवरची बाईच हसून म्हणाली, "मेर्सी!" मला वाटलं मी चुकून देश ओलांडला. काकूंना सांगितलं, हा फ्रेंच थँक्यू आहे, हे म्हणत होते ना, फ्रेंचांचं राज्य होतं. काकूंनी त्या बाईकडं जरा संशयानंच बघितलं.

दरवाजा मात्र डब्यावरच्यासारखाच. दोन बुरूज, वर टोकदार टोप्या, मधनं वाट. काकू थांबल्या. शूज काढायला लागल्या, मी म्हणलं काकू थंडी आहे, तरी काढले. गुडघे टेकता येत नव्हते म्हणून दरवाजाच्या दगडाला हात लावून कपाळाला लावला. शेजारी टुरिस्टांचा घोळका होता. त्यातल्या एका गोऱ्या बाईला वाटलं इथली पद्धतच असावी, तिनंपण दगडाला हात लावून कपाळाला लावला. मग तिच्या नवऱ्यानं.

मी काकूंना जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं, की बाहेरनं फ्रेंच सैन्य आलं, तोफा लावल्या, आणि आत घुसलं. काकूंनी दरवाजा वरखाली बघितला. लई राग आला त्यांना.

"येवढा दगूड रचला आन दारात कंडक्टर ठिवला न्हाय?" म्हणल्या. "मी असती तर सांगितलं असतं, जागा न्हाय, जागा न्हाय! मागनं दुसरं शहर येतंय, रिकामं हाय, त्यात बसा!"

पायऱ्या तटाच्या कडेला होत्या. अरुंद, दगडी, मधी झिजलेल्या. डब्यावरच्या चित्रात पायऱ्या नव्हत्या. काकूंनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, कठड्याला धरलं, जोर केला. गुडघा हलला नाही. दुसरा पाय ठेवून बघितला. परत पहिला. तोंडातनं एक आवाज आला, बारीक, मी काकूंचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता.

मग त्या खाली झाल्या, पदर नीट केला आणि हसल्या. "जा तू. ओवीला घेऊन जा वर. मी थांबते हितं गाडीपाशी. मला सवय हाय."

त्या ओवीच्या ढकलगाडीच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या, आणि त्या 'सवय हाय'नं माझं काय झालं मला सांगता येणार नाही. मला उंचीची भीती वाटते. मला ढकलगाडी सोडून जायची भीती वाटते, चोरीला गेली तर. ती सगळी भीती होतीच, कुठं गेली नव्हती. पण मी म्हणलं, "काकू, बसा."

"आं?"

"पायरीवर बसा. पाठ वरच्या पायरीकडं करून. बसून बसून चढायचं. एक एक सीट मागं सरका."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मग बसल्या. हातांनी मागची पायरी धरली आणि ढुंगण उचलून वरच्या पायरीवर. मग पुढची. मी खालच्या अंगाला, एका काखेत ओवी, एका हातानं काकूंचे पाय उचलून ठेवतीय. साडीला चुना लागला, स्कार्फ सुटला. मागं माणसं जमली. एक म्हातारा मदतीला पुढं आला, काकूंनी त्याला हातानं थांबवला. "घाई असंल त्यानं मागच्या गाडीनं यावं!" कळलं नाही त्याला, पण थांबला. सगळेच थांबले.

अर्ध्यात माझा फोन वाजला. संदीपदादा. त्याचा फोन आला की मी एरवी उभी राहून बोलते.

"वैशाली, आई घरी नाही. तुझ्याकडं आहे का?"

"गडावर आहेत."

"कुठल्या गडावर? वैशाली, तिचे गुडघे! तिला आत्ताच्या आत्ता..."

"दादा, गाडी भरलीय," मी म्हणलं. "मागच्या गाडीनं या." आणि फोन कट केला. मी! संदीपदादाचा! काकू पायरीवर बसल्या बसल्या एवढ्या हसल्या की आम्हाला तिथंच जरा थांबायला लागलं.

वर पोचलो तेव्हा टुरिस्टांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी तिकडं लक्ष दिलं नाही. मी उठवून उभं केलं, त्या तटाला धरून कडेला गेल्या. एकीकडं नदी होती, पूल होते, लाल कौलं, चर्चचे मनोरे, बारीक ऊन पडलेलं. खरंच भारी होतं, मलापण तोच शब्द सुचला. पण काकू तिकडं बघतच नव्हत्या. त्या वाकून सरळ खाली बघत होत्या. पायथ्याला. तिथं हिरवळ होती, दोन जुन्या तोफा ठेवलेल्या, आणि पायऱ्यांच्या तोंडाशी आमची ढकलगाडी, लाल.

"काकू, काय बघताय?"

काकूंनी ढकलगाडीकडं बोट केलं. मग म्हणल्या, "बेल द्यायच्या आदी मी रोज वर बघून हात करायची. गडाकडं. ती पोरं असायची ना वर, तटावर उभी. ड्रायव्हर म्हनायचा, येडी हाय, येवढ्या लांबनं कुनाला दिसतंय. मी म्हनायची, दिसत असंल की." तटावरचा एक खडा त्यांनी नखानं काढला. "ते इचारायचं असायचं मला. वरनं काय दिसतं म्हंजी, मी दिसते का. पन असं कसं इचारनार?"

लिफ्टचं छत मला आठवलं. गाडीची खिडकी आठवली.

मी ओवीला काकूंच्या हातात दिलं आणि पायऱ्या उतरले. एकटी, कठडा न धरता नाही, धरूनच, पण भरभर. खाली ढकलगाडीपाशी जाऊन उभी राहिले, दांड्याला धरून, अगदी त्या उभ्या होत्या तशी. आणि वर बघून हात केला. मोठा, दोन्ही हातांनी.

वर तटावर काकू दिसत होत्या, बारक्या, उडणारा स्कार्फ, कडेवर ओवी. त्यांनी ओवीला सावरलं आणि खाली बघितलं. मग सगळ्या मास्ट्रिख्टला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडल्या.

"दिसतीस गं! वैशे, दिसतीस! तोंड सुदिक दिसतंय!"

आणि हात वर करून दोरी ओढली. एकच झटका.

"टण!"

एक बेल. म्हणजे थांब.

थांबले. परतीची गाडी गेली असणार, तिच्या मागचीपण. फोन वाजत होता, वाजू दिला. दुसरी बेल काकू देतील तेव्हा देतील, मी पायथ्याला उभी होते आणि हात करत होते.